'इन ओल्ड ॲरिझोना' (१९२८): नट बदलला, मग आधीच्या रिळांचं काय झालं?

गंजकं रीळ

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळावरच्या धाग्यात हा विषय निघाला आणि तिथे अवांतर व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

फॉक्स स्टुडिओचा 'इन ओल्ड ॲरिझोना' हा स्टुडिओबाहेर, उघड्या माळावर आवाजासकट चित्रित झालेला पहिला मोठा वेस्टर्न. लॉस एंजेलिसला २५ डिसेंबर १९२८ ला लागला, बाकीच्या अमेरिकेत जानेवारी १९२९ मध्ये. मूळ बेत असा होता की दिग्दर्शक राऊल वॉल्श आणि नायक, म्हणजे सिस्को किड नावाचा डाकू, तोही वॉल्शच. वॉल्शला अभिनय नवा नव्हता. १९१५ च्या 'बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये लिंकनला गोळी घालणारा बूथ त्यानेच केला होता, आणि १९२८ मध्येच 'सॅडी थॉम्प्सन'मध्ये ग्लोरिया स्वॉन्सनसमोर तो उभा राहिला होता.

यूटामध्ये बाह्यचित्रण चालू असताना गाडीतून जाताना एक जॅकरॅबिट (तिकडचा लांब कानांचा दांडगा ससा) समोरची काच फोडून आत आला. काचा वॉल्शच्या उजव्या डोळ्यात गेल्या आणि डोळा गमवावा लागला. दिग्दर्शन आयर्विंग कमिंग्जकडे आलं. भूमिकेसाठी आधी बडी रूझवेल्टचं नाव ठरलं होतं, तर त्याचा पाय मोडला. शेवटी वॉर्नर बॅक्स्टर आला आणि ऑस्कर घेऊन गेला.

ससा, पाय आणि ऑस्कर हा भाग सगळ्यांना पाठ असतो. मला बोलायचंय ते आधीच्या फिल्मबद्दल. वॉल्शचे जवळचे शॉट अर्थातच बाद झाले, पण दुरून घेतलेली घोडेस्वारी चित्रपटात राहिली. म्हणजे पडद्यावरचा सिस्को किड हा दोन माणसांचा मिळून आहे. कुठला शॉट ठेवता येतो, कुठला टाकावाच लागतो, आणि हे ठरतं कशावर? जाणकारांनी लिहा.

दोन आण्याचं तिकीट

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: दिग्दर्शकही नवा, नटही नवा, मग सगळंच पहिल्यापासून का नाही काढलं?

गंजकं रीळ

पैसा आणि तारीख. यूटातल्या झायन, ब्राइस कॅन्यन या जागा हॉलीवूडपासून शेकडो मैल लांब. घोडे, माणसं, ध्वनीची अख्खी गाडी असा लवाजमा तिथे परत न्यायचा, आणि ब्राइस समुद्रसपाटीपासून साधारण २४०० मीटरवर, थंडीत बर्फ पडतं. कोरड्या माळावरच्या शॉटला बर्फातला शॉट कसा जोडणार? बाकीचं बरंच काम कॅलिफोर्नियात उरकलं. सॅन फर्नांडोचं मिशन, सॅन हुआन कॅपिस्ट्रानोचं मिशन आणि मोहावीचं वाळवंट ही ठिकाणं त्यातलीच.

फोकसपुलर

काय ठेवता येतं याचं उत्तर भिंगाच्या गणितात आहे. कागद-पेन्सिल घ्या.

५० मिलिमीटरचं भिंग धरू, त्या काळी सर्रास वापरलं जाणारं. ३५ मिलिमीटर फिल्मवर चौकटीची उंची साधारण १८ मिलिमीटर. घोड्यावर बसलेला माणूस टोपीसकट जमिनीपासून २.४ मीटर. फिल्मवरची उंची काढायची तर वस्तूची उंची गुणिले भिंगाचा आकडा, भागिले अंतर.

अंतर ६० मीटर असेल तर स्वार फिल्मवर २ मिलिमीटर भरतो, म्हणजे चौकटीच्या एक नवमांश. त्याचा चेहरा (२२ सेंटिमीटर) फिल्मवर ०.१८ मिलिमीटर. सहा मीटर उंच पडद्यावर हाच चेहरा सहा सेंटिमीटरचा दिसतो. त्यात टोपीची सावली, धूळ आणि फिल्मचा दाणा. सख्ख्या भावालाही ओळखू यायचं नाही.

अंतर १५ मीटरवर आणा. स्वार आता ८ मिलिमीटर, जवळजवळ अर्धी चौकट. चेहरा पडद्यावर २४ सेंटिमीटर. इथे जबडा दिसतो, मिशी दिसते. हा शॉट गेला.

दोन्हींच्या मधली, साधारण तीस ते पन्नास मीटरची पट्टी कात्रीवाल्याच्या धाडसावर. पाठमोरा असेल, टोपी खाली असेल, कडेने सूर्य असेल तर ठेवतात. घोडा कॅमेऱ्याकडे येत असेल तर शॉट सुरुवातीला सुरक्षित आणि शेवटी धोक्याचा, म्हणून तो मध्येच कापलेला दिसतो. जुन्या वेस्टर्नमध्ये स्वार जवळ येतोय येतोय म्हणता अचानक दुसराच कोन आला, तर शंका घ्यायला जागा आहे. दर वेळी नट बदललेला असतो असं नाही. बहुतेक वेळा तो स्टंटवालाच असतो. पण युक्ती तीच.

करवंटी

फोकसपुलर, गणित झकास. पण मूकपट असता तर एवढंच पुरलं असतं. हा बोलपट आहे, आणि खरी गोची आवाजाची आहे.

मूकपटात नट बदलला तर चेहऱ्याचे शॉट परत काढा, संवादाच्या पाट्या त्याच. इथे वॉल्शने सिस्को किड म्हणून एक जरी वाक्य बोललं असेल तर ते आख्खं दृश्य गेलं, समोरच्या नटाचे उत्तम शॉटसुद्धा. समोरचा माणूस कॅमेऱ्यात एकटा असला तरी वॉल्शचा आवाज त्याच ध्वनिपट्टीत बसलेला असतो. तो वेगळा काढून त्या जागी बॅक्स्टरचा आवाज भरायची सोय १९२८ मध्ये नव्हती म्हटलं तरी चालेल. एका ध्वनिपट्टीवरून दुसरी काढली की खरखर वाढायची आणि वरचे सूर बोथट व्हायचे, म्हणून शक्यतो मूळ पट्टीच वापरत.

आता मूव्हीटोनची, म्हणजे फॉक्सच्या फिल्मवरच आवाज नोंदवायच्या पद्धतीची भानगड. थिओडोर केसचा एक खास दिवा असायचा. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेप्रमाणे त्याचा उजेड कमीजास्त व्हायचा, आणि तो फिल्मच्या कडेच्या बारीक पट्टीवर फिकट-गडद रेघांच्या रूपाने उमटायचा. बातमीपटाच्या पद्धतीत चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर, एकाच कॅमेऱ्यात. पण दोन्ही एकाच जागी नसतात. चित्र जिथे उमटतं त्या खिडकीपाशी फिल्म धक्क्याधक्क्याने सरकते, आवाजाला ती सलग सरकायला हवी. म्हणून आवाज चित्राच्या २० चौकटी पुढे छापलेला असतो.

वीस चौकटी म्हणजे १५ इंच फिल्म, सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने सुमारे ०.८३ सेकंद. अशी फिल्म चित्र बघून कात्रीने कापली की नव्या शॉटच्या पहिल्या पाऊण-एक सेकंदावर आधीच्या शॉटचा आवाज येतो, आणि नव्या शॉटचा तेवढा आवाज कापून टाकलेल्या तुकड्यासोबत टोपलीत जातो. म्हणजे बॅक्स्टरच्या बोलण्यामध्ये वॉल्शचा लांबचा घोडा घालायचा, तर आवाजाची निगेटिव्ह वेगळीच हवी. नाहीतर शॉटच्या दोन्ही बाजूंना बोलणं थांबवून एकेक सेकंदाची मोकळी जागा सोडायची. सुरुवातीच्या बोलपटांत माणसं वाक्य संपल्यावर उगाच थबकतात ना, त्यामागचं हेही एक कारण.

पडद्यामागची

करवंटीताई, नावाला जागलात! घोड्यांच्या टापा करवंट्या आपटून काढल्या का मग?

करवंटी

नाव त्यावरूनच घेतलंय, पण या चित्रपटाची मिजासच अशी होती की आवाज जागेवरचे. मायक्रोफोन झुडपांत वगैरे दडवलेले. तव्यावर मांस तळल्याची चरचर ऐकून प्रेक्षक हरखून गेले होते. मात्र टापांचा एक घोळ असतो: मऊ रेतीत घोडा धावला तर टापांचा आवाज फारसा येतच नाही. खडकावर, कडक वाटेवर येतो. जिथे रेती दिसते आणि टापा खणखणीत ऐकू येतात तिथे आवाज दुसऱ्या जागेचा आहे हे खुशाल समजावं. लांबचा घोडा असेल तर ही चोरी सहज पचते, कारण ६० मीटरवरचा पाय नेमका कधी टेकला हे डोळ्याला कळत नाही.

थोडक्यात फोकसपुलर म्हणतात ते अंतर आवाजालाही लागू. जवळ ओठ जुळायला हवेत, मध्यम अंतरावर टापा जुळायला हव्यात, लांब गेलं की काहीही खपतं.

फोकसपुलर

करवंटी, पट्टीवरून आठवलं. ध्वनिपट्टीने चौकटीची डावी बाजू खाल्ली, अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे मूव्हीटोनचं चित्र जवळपास चौकोनी होतं, उंची १ तर रुंदी १.२. मूकपटाची चौकट १.३३. आता समजा काही लांबचे शॉट बिनआवाजाच्या कॅमेऱ्याने, पूर्ण चौकट धरून काढले आणि नंतर आवाजाच्या प्रतीत छापले, तर डावीकडची पट्टी उडते आणि मधोमध ठेवलेला स्वार डावीकडे झुकल्यासारखा दिसतो. डावीकडून आत येणारा स्वार तर चक्क अर्ध्यातून उगवतो. म्हणून तेव्हाचे शहाणे छायालेखक भिंगातून बघतानाच डावीकडे जागा मोकळी ठेवत.

दोन आण्याचं तिकीट

म्हणजे शोधायचं असेल तर नेमकं काय बघायचं? माझ्यासारख्याला जमेल असं सांगा.

पडद्यामागची

कंटिन्युइटीच्या, म्हणजे शॉटला शॉट जुळतोय का हे बघण्याच्या बाजूने सांगते.

आधी टोपी आणि सेरापे, म्हणजे खांद्यावरची ती मेक्सिकन घोंगडी. नवा नट आला की कपडे जुन्या शॉटला जुळवून करावे लागतात, उलटं करता येत नाही, कारण जुना शॉट डब्यात बंद झालेला असतो. टोपीच्या काठाची गोलाई, घोंगडीचा पट्टा कुठल्या खांद्यावर, हे लांबूनही दिसतं. मग घोडा. तोच घोडा नसेल तर निदान तोच रंग आणि कपाळावरचा तोच पांढरा डाग. मला विचाराल तर नटापेक्षा घोडा जुळवणं कठीण. काळ्या-पांढऱ्या चित्रात पांढरा ठिपका चेहऱ्याच्या आधी डोळ्यात भरतो.

बसण्याची ढब हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. प्रत्येक स्वाराची पाठ, कोपर आणि लगामाचा हात वेगळा. चेहरा दिसत नसला तरी पळत्या घोड्यावर कोपरं बाहेर काढणारा आणि अंगाशी धरणारा असे दोघे शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

पळण्याची दिशाही बघा. लांबच्या शॉटमध्ये स्वार डावीकडून उजवीकडे गेला असेल तर जवळचा नवा शॉटही तसाच घ्यावा लागतो. नाहीतर तो परत फिरल्यासारखा वाटतो.

गंजकं रीळ

त्यात सावल्या जोडा. यूटातला शॉट आणि काही आठवड्यांनी मोहावीत काढलेला शॉट यांत सूर्याची उंची वेगळी. पाठलागात एका शॉटमध्ये घोड्याची सावली पोटाखाली आणि पुढच्यात चार हात लांब, तर दोन वेगवेगळे दिवस जोडलेत हे नक्की.

आणि खडक. तेव्हा पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणारी फिल्म रुळली होती. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही. झायनचे लाल कडे तिच्यावर काळेठिक्कर येतात. पॅनक्रोमॅटिकवर तेच कडे उजळ येतात आणि लाल काच लावली तर आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात. छायालेखन आर्थर एडेसनचं आहे. बाह्यचित्रणात जो पोत आहे तो बघण्यासारखाच आहे, नाट्य कितीही जुनाट वाटलं तरी. (नायिका डोरोथी बर्जेसचं ते डोळे फिरवणं मला आजही झेपत नाही. असो.)

दोन आण्याचं तिकीट

विकीवर कुठेतरी वाचलं की कमिंग्जलाही ऑस्करचं नामांकन होतं. वॉल्शला नाही? अर्धा चित्रपट त्याचा!

पडद्यामागची

त्या वर्षी, म्हणजे दुसऱ्या ऑस्करला, नामांकनं जाहीरच झाली नव्हती. फक्त विजेते. एप्रिल १९३० मध्ये बॅक्स्टरला पुतळा मिळाला. बाकी नावं, त्यात दिग्दर्शनासाठी कमिंग्ज, ही निवडीच्या कागदपत्रांत विचारात घेतलेली म्हणून नंतर पुढे आली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दोघेही आहेत. आणि गंमत बघा, ओ. हेन्रीच्या १९०७ च्या ज्या कथेवर हे बेतलंय तिच्यातला किड निर्दय खुनी आहे, आणि शेवटचा डाव तोच रचतो. बॅक्स्टरने त्याला गाणारा-हसणारा रंगेल गडी केला आणि पुढे तेच रूप चिकटलं. वॉल्शने तो कसा रंगवला असता हे जवळच्या शॉटसोबतच गेलं.

आडवा पडदा

उशिरा आलो. नट बदलून लांबचे शॉट राखण्याचं याहून ठळक उदाहरण वेस्टर्न नाही, पण सांगतो: 'सॉलोमन अँड शीबा'. टायरोन पॉवर नोव्हेंबर १९५८ मध्ये माद्रिदला, तलवारबाजीचं दृश्य करताना कोसळला आणि गेला. चित्रण अर्ध्याहून जास्त झालेलं. यूल ब्रिनरला घेऊन मुख्य भाग परत काढला, पण लढाईच्या दूरच्या शॉटमध्ये पॉवर तसाच आहे. तीस वर्षांत तंत्र कुठल्या कुठे गेलं, तोडगा मात्र १९२८ चाच.

उलट टोक म्हणजे 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४). गिग यंगची तब्येत पहिल्याच दिवशी बिघडली आणि जीन वाइल्डर तातडीने विमानाने आला. तिथे फेकायला फार काही जमलंच नव्हतं. नट बदलायची वेळ यायचीच असेल तर पहिल्या दिवशी यावी, निर्मात्याला विचारा.

पण वॉल्शच्या संदर्भात खरी मौज त्याच्या नंतरच्या एका चित्रपटात आहे: 'द बिग ट्रेल' (१९३०). तिथे नट बदलणं हा अपघात नव्हता, योजना होती. इंग्रजीत जॉन वेन. शिवाय जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन आवृत्त्या, प्रत्येकीत नायक निराळा: जर्मनमध्ये थिओ शाल, फ्रेंचमध्ये गॅस्टन ग्लास, स्पॅनिशमध्ये होर्हे लुईस, इटालियनमध्ये फ्रँको कोर्सारो. बैलगाड्यांचे तांडे, नदी ओलांडणं, कड्यावरून दोरांनी खाली सोडलेल्या गाड्या हे सगळं एकदाच काढायचं आणि बोलणाऱ्या माणसांचे शॉट भाषेगणिक नवे. फोकसपुलरचं तीस-पन्नास मीटरचं गणित इथे आधीच हिशेबात धरलेलं.

करवंटी

आपल्याकडे प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी असा दोनदा केला तोही याच अडचणीतून, पण तिथे नट तेच, गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे दोन्हीकडे. दोन्ही भाषा बोलणारे नट हाताशी असले की कात्रीचं निम्मं काम वाचतं.

आडवा पडदा

अगदी. आणि 'बिग ट्रेल'ची दुसरी जोडी म्हणजे एकाच इंग्रजी आवृत्तीची दोन रूपं. एडेसन ७० मिलिमीटर रुंद फिल्मच्या ग्रँड्यूर कॅमेऱ्यावर, ल्युसिएन आंद्रिओ नेहमीच्या ३५ वर. रुंद आवृत्ती १२२ मिनिटांची, साधी १०८. दोन कॅमेरे एकाच जागी मावत नाहीत, त्यामुळे कोन वेगळे, कधी अख्खा टेकही वेगळा. एक हरवली म्हणून दुसरीवरून भरून काढता येत नाही. रुंद रूप धड दाखवणारी थिएटरंही दोनच, हॉलीवूडचं ग्रॉमन्स चायनीज आणि न्यूयॉर्कचं रॉक्सी. मंदीत नवी यंत्रं कोण घेणार? मग ते जवळपास पन्नास वर्षं कुणी पाहिलंच नाही.

गंजकं रीळ

ती निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उघडली तर इतकी आकसलेली आणि ठिसूळ की कुठलीही लॅब हात लावेना. कार्ल माल्केम्सने तिच्यासाठी खास छपाईयंत्र बांधलं आणि सेकंदाला एक चौकट या गतीने रुंद चित्र आडवं दाबून बसवलेल्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीवर उतरवली. वर्षभर लागलं. १२२ मिनिटं गुणिले ६० गुणिले २४ करा, पावणेदोन लाख चौकटी.

आकसणं म्हणजे काय ते सांगतो, कारण 'फिल्म खराब झाली' एवढ्याने कळत नाही. ३५ मिलिमीटर निगेटिव्हच्या दोन भोकांमधलं अंतर ४.७४ मिलिमीटर. शंभर भोकं मोजली तर ४७४ मिलिमीटर भरायला हवीत. ४६९ भरली तर फिल्म एक टक्का आटलीय. ऐकायला किरकोळ, पण चाकाचे दाते ठरलेल्या अंतरावर असतात, ते भोकाच्या मधोमध न बसता कडेला घासतात आणि कडा फाडत जातात. म्हणून जुनं रीळ हाती आलं तर आधी मोजपट्टी, मग यंत्र. त्यातून नायट्रेट, म्हणजे जुनी ज्वालाग्राही फिल्म असेल तर वास बघायचा. आंबूस, तिखट वास, पिवळट चित्र, चिकट थर, आणि शेवटी तपकिरी भुकटी. चिकटलेला थर ओढून सोडवू नये, चित्र सोलून निघतं.

दोन आण्याचं तिकीट

फॉक्सची आगही याच काळातली ना?

गंजकं रीळ

९ जुलै १९३७, न्यू जर्सीतलं लिटल फेरी. उन्हाळ्याच्या लाटेत कुजणारं नायट्रेट आपोआप पेटलं. १९३२ च्या आधीच्या फॉक्स चित्रपटांचा फार मोठा हिस्सा त्यात गेला. नायट्रेटला जळायला बाहेरची हवा लागत नाही, प्राणवायू त्याच्या रसायनातच असतो. पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. पुण्याच्या वाचकांना २००३ च्या जानेवारीतली एफटीआयआयच्या (चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या) आवारातली आग आठवत असेल, तिथेही नायट्रेटच होतं.

पण चित्रणातून वगळलेले तुकडे बहुधा आगीची वाटही बघत नसत. चित्रपट लागला की वगळलेली निगेटिव्ह जागा खाते, विम्याचा धोका वाढवते, आणि तिच्यात चांदी असते. ती चांदीसाठी गाळायला जायची. पूर्ण चित्रपटाची प्रत निदान एखाद्या थिएटरच्या माळ्यावर सापडू शकते. बाद शॉटची प्रत कधी वाटलीच जात नाही.

पडद्यामागची

मग वॉल्शचा चेहरा बघायचा तर 'सॅडी थॉम्प्सन'च. त्याचंही शेवटचं रीळ कुजलं. १९८७ च्या आवृत्तीत तो भाग स्थिरचित्रांवर आणि पाट्यांवर भागवलाय.

फोकसपुलर

आणि 'ॲरिझोना'तले घोडे. रविवारी पट्टी घेऊन पडद्यासमोर बसणार आहे. स्वाराची उंची चौकटीच्या एक सहांशापेक्षा कमी आहे असे सगळे शॉट वेळेसकट उतरवून इथे टाकतो. पडद्यामागची, तुम्ही कोपरं बघा.

पडद्यामागची

टाका. घोड्याच्या कपाळाचा रकानाही ठेवा.